कलनाच्या उंबरठ्यापूर्वी : कॉलेजच्या गणिताला काय यावे लागते, हे कोणी ठरवले?

१.
महाडजवळ, काळ नदीच्या काठी बिरवाडी वसलेली आहे. ‘कांबळे तर्फ बिरवाडी’ अशी शेजारच्या गावांची नावे आजही सातबाऱ्यावर दिसतात. ‘तर्फ’ म्हणजे महसुलासाठी केलेला गावांचा जुना गट. पूर्वी भाताची खाचरे असलेल्या या परिसरात आता औद्योगिक वसाहत आणि रसायनांचे कारखाने उभे आहेत. या भागातून दहावी उत्तीर्ण झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी दरवर्षी अकरावी विज्ञानाचे गणिताचे पुस्तक पहिल्यांदा उघडते. आजचा हा धागा त्या पुस्तकाच्या मागे उभ्या असलेल्या सुमारे आठ शतकांच्या इतिहासाविषयी आहे.

२.
प्रथम ते पुस्तकच पाहू. त्याचे दोन भाग आहेत. कोन व त्याचे मापन, त्रिकोणमिती, निश्चयक आणि सारणी, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद. नंतर संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय आणि संचय, द्विपद प्रमेय, संच, फलन. आणि दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी सीमा, सातत्य व विकलन. म्हणजे जवळजवळ संपूर्ण पुस्तक शेवटच्या तीन प्रकरणांची तयारी करून घेते. या तयारीला ‘कलनपूर्व गणित’ म्हणता येईल. अमेरिकेतील कॉलेजांत यासाठी ‘प्रीकॅल्क्युलस’ नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे हे नाव रूढ नाही, पण काम तेच आहे.

३.
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला दोन प्रश्न पडावेत. कलन शिकण्यापूर्वी अमुक गणित आलेच पाहिजे, ही अट कोणी आणि कधी घातली? आणि ती पूर्ण करण्याची साधने कोणाला मिळाली, कोणाला नाकारली गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठशे वर्षांत फारसे बदललेले नाही. दुसऱ्याचे मात्र सतत बदलत आले आहे, आणि त्या बदलाचा एक महत्त्वाचा अध्याय महाडमध्येच लिहिला गेला.

४.
आरंभ बाराव्या शतकापासून करू. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे की ज्याला व्यक्त आणि अव्यक्त अशी दोन्ही गणिते येतात आणि जो शब्दशास्त्रात निपुण आहे, तोच हे शास्त्र शिकण्याचा अधिकारी; इतरांची ओळख नावापुरतीच राहील. व्यक्त गणित म्हणजे अंकगणित, अव्यक्त म्हणजे बीजगणित, शब्दशास्त्र म्हणजे व्याकरण. आजच्या भाषेत ही प्रवेशाची पूर्वअटच झाली.

५.
ही अट केवळ शिष्टाचार म्हणून घातलेली नव्हती. ग्रहाची ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या विवक्षित क्षणाची गती काढताना, ज्येतील सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे तत्त्व भास्कराचार्यांनी वापरले. आज आपण ‘साइनचे विकलन कोसाइन’ असे जे शिकतो, त्याच्या हे फार जवळचे आहे. ‘ज्योत्पत्ति’ या भागात दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याची रीत त्यांनी दिली आहे. तेच सूत्र अकरावीचा विद्यार्थी त्रिकोणमितीच्या प्रकरणात पाठ करतो. ज्या, कोटिज्या आणि अव्यक्त राशींची सवय नसेल, तर तात्कालिक गतीचे प्रकरण समोर असूनही वाचता येत नाही.

६.
‘साइन’ हा शब्दही येथूनच प्रवास करत गेला. संस्कृत ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी. अरबी विद्वानांनी तो शब्द उच्चाराप्रमाणे उतरवला. पुढे अरबी लिपीत तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी; आपल्या ओळखीची ‘जेब’ तीच. लॅटिन भाषांतरकारांनी घडीला त्यांचा ‘सायनस’ हा शब्द वापरला आणि धनुष्याची दोरी ‘साइन’ होऊन इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे परत आली. दहावीच्या पुस्तकातील ‘अंकगणिती श्रेढी’मधला ‘श्रेढी’ हा शब्द मात्र लीलावतीतल्या श्रेढीव्यवहारापासून चालत आलेला आहे.

७.
अट घालणाऱ्यांनी साधनांची सोयही केली होती का? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा १२०७ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र दानाचा तपशील तेव्हाच्या मराठीत कोरला आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणाऱ्या करातून मठाला काय द्यावयाचे, याची त्यात नोंद आहे. शास्त्र संस्कृतात आणि खर्चाचा हिशेब लोकभाषेत, अशी ती वाटणी होती. गणिताच्या अभ्यासाचा खर्च बाजारपेठ उचलत होती. पण मठाच्या वर्गात बसण्याचा अधिकार त्या बाजारातील प्रत्येकाला नव्हता.

८.
मग सामान्य माणसाचे गणित कोठे होते? ते पंतोजींच्या शाळेत होते. ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि सायंकाळी उजळणी म्हणत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीही असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अपूर्णांकांचे हे पाढे तोंडपाठ असलेला मुलगा धान्याचा, व्याजाचा आणि जमिनीच्या मापाचा हिशेब क्षणात करी. अपूर्णांकांवरील इतके प्रभुत्व आजच्या कॉलेज विद्यार्थ्यांतही विरळा आढळते. उणीव एवढीच होती की या गणितात अज्ञात राशीला नाव नव्हते. हिशेब होता, समीकरण नव्हते.

९.
ही दरी मराठीतून बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका लष्करी इंजिनिअराने केला. जॉर्ज जर्व्हिस यांच्याकडे १८२० च्या दशकात मुंबईत स्थानिक तरुणांना सर्वेक्षण आणि बांधकाम शिकवणाऱ्या संस्थेची जबाबदारी होती. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साह्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. अंकगणितापासून बीजगणित व भूमितीपर्यंतची ही पुस्तके शिळाप्रेसवर छापली गेली. रस्ते, पूल आणि जमीनमोजणी यांसाठी त्रिकोणमिती जाणणारी माणसे सरकारला हवी होती, हे त्यामागचे कारण. हेतू राज्यकारभाराचा असला, तरी परिणाम असा झाला की आधुनिक गणितासाठी मराठी परिभाषा घडू लागली.

१०.
पुढचे नाव बाळशास्त्री जांभेकर यांचे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करणारे संपादक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे अध्यापक होते आणि त्यांच्या नावावर ‘शून्यलब्धि’ हा विकलनावरचा मराठी ग्रंथ आहे. १८४६ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या दहा वर्षांहूनही अधिक काळ आधी कलनासाठी मराठी नाव घडलेले होते.

११.
‘शून्यलब्धि’ या नावातच विषयाचे मर्म कसे सुचते, ते एका उदाहरणाने पाहू. बिरवाडीच्या शिवारातील एक चौरस खाचर घ्या. त्याची बाजू ‘क्ष’. बांध थोडा सरकवून दोन्ही बाजू ‘ह’ इतक्या वाढवल्या, तर क्षेत्रफळ किती वाढेल?
(क्ष + ह)² − क्ष² = २क्षह + ह²
या वाढीला ‘ह’ ने भागले की २क्ष + ह ही लब्धी, म्हणजे भागाकार, मिळते. आता ‘ह’ शून्याच्या दिशेने नेला की उरते २क्ष. क्ष² चे विकलन २क्ष आहे, ते असे.

१२.
या चार ओळींत कलनाची नवी कल्पना फक्त एक आहे : ‘ह’ शून्याकडे नेणे. बाकी सर्व पूर्वतयारी आहे. अज्ञात राशीला अक्षर देणे, कंसाचा वर्ग उलगडणे, समान पदे वजा करणे, सामाईक अवयव काढून भागणे. (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असे ज्याने लिहिले, त्याची मधली दोन पट्ट्यांची जमीन, म्हणजे २क्षह, हरवते आणि उत्तर हातातून निसटते. त्याला वाटते की कलन अवघड आहे. वस्तुतः तो आठवी-नववीच्या विस्तारसूत्रापाशी अडखळलेला असतो. कॉलेजची गणिताकडून असलेली अपेक्षा म्हणतात ती एवढी साधी आणि एवढी कठोर आहे.

१३.
आता दरवाजा बसवला जाण्याच्या काळात येऊ. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात वाद पेटला : उच्च ज्ञान इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून? मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध करणारा माणूसच मराठीची बाजू लढवत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्यक्षात उच्च शिक्षणाची वाट इंग्रजीकडेच वळली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या प्रवेशद्वाराची भाषा ठरून गेली होती.

१४.
त्या प्रवेशद्वाराचे नाव ‘मॅट्रिक्युलेशन’. पहिली परीक्षा १८५९ मध्ये झाली. १३२ उमेदवार बसले, २२ उत्तीर्ण झाले. म्हणजे सहांत एक. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या उत्तीर्णांपैकी. भाषा, इतिहास आणि भूगोल यांच्या जोडीला गणित होते : अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडच्या भूमितीचे आरंभीचे खंड. त्यापुढे कॉलेजात त्रिकोणमिती येई. भास्कराचार्यांची अट जवळजवळ तशीच परतली होती. व्यक्त गणित हवे, अव्यक्त गणित हवे आणि शब्दशास्त्र हवे. फक्त आता शब्दशास्त्र इंग्रजीचे होते.

१५.
या बदलाची किंमत कोकणातील मुलाला कशी मोजावी लागली, ते पाहा. औटकी पाठ असलेला मुलगा अंकगणितात मागे नव्हता. पण युक्लिडचे प्रमेय त्याला परक्या भाषेत सिद्ध करायचे होते. भूमितीचा अर्थ तर्कात आहे. तर्क समजण्याआधी वाक्य समजले पाहिजे. अनेकांनी मग वाक्येच पाठ केली. आकृतीवरील अक्षरे बदलली की प्रमेय अडते, ही तक्रार पुढच्या पिढ्यांतही ऐकू येत राहिली. पाठांतराची सवय विद्यार्थ्याच्या आळसातून आली असे म्हटले जाते. तिची मुळे भाषेच्या या उडीतही आहेत.

१६.
याच काळातील एक विलक्षण व्यक्ती आपल्याच जिल्ह्यातील आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईत प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली, कुलाबा वेधशाळेत, अगदी कोवळ्या वयात ते कामाला लागले. वेध घेणे, नोंदी ठेवणे, आकडेमोड करणे यांतून त्यांचे गणित पक्के झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते शिकत होते तेव्हा विद्यापीठच अस्तित्वात नव्हते. तरीही ते पुण्याच्या कॉलेजात, पुढील डेक्कन कॉलेजात, गणिताचे प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी. अंकगणितावर आणि पदार्थविज्ञानावर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली.

१७.
केरूनानांच्या आयुष्यातून एक गोष्ट ठळक दिसते. प्रवेशपरीक्षेचा दरवाजा आणि गणिताची तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षा तयारी मोजण्याचे एक साधन असते. साधन म्हणजे तयारी नव्हे. त्यांच्यानंतरच्या पिढीत टिळकांनी आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात गणित शिकवले, आणि गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले. राजकारणाच्या इतिहासात ज्यांना आपण परस्परविरोधी गटांत पाहतो, त्यांनी उमेदीच्या वर्षांत फळ्यासमोर उभे राहून हीच पूर्वतयारी करून घेतली होती.

१८.
दरवाजा ओलांडणारे महाड तालुक्यातही निघाले. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये रायगडाच्या वाटेवरील नाते गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिकला ते विद्यापीठात पहिले आले. पुढे केंब्रिज, आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री असा त्यांचा प्रवास झाला. बुद्धी असामान्य होतीच. पण वडील वकील होते, मुंबईच्या शाळेत शिकण्याची सोय होती, हेही नोंदवले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यात तेव्हा एकही कॉलेज नव्हते. पुढे शिकायचे तर सावित्रीच्या खाडीतून बोटीने मुंबई गाठावी लागे.

१९.
आता त्याच दशकातील, त्याच तालुक्यातील दुसरा मुलगा. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ चा. बालपण दासगावच्या परिसरात गेले. प्राथमिक शिक्षणानंतर त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली. गुणवत्तेची अट पूर्ण झाली होती. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. या अन्यायाला वर्तमानपत्रातून वाचा फुटल्यावर प्रवेश मिळाला. पण बसण्याची जागा इतर मुलांपासून वेगळी ठेवण्यात आली. ज्या फळ्यावर समीकरण मांडले जात होते, तो फळा त्यांना दुरून पाहावा लागला.

२०.
भास्कराचार्यांच्या अटीत विद्येचा अधिकार व्यक्त-अव्यक्त गणिताने मिळतो. येथे ते गणित सिद्ध करूनही अधिकार नाकारला गेला. पूर्वअटींचा इतिहास लिहिताना हा भाग वगळला, तर उरलेला इतिहास केवळ पाठ्यपुस्तकांची यादी होतो. कागदावर लिहिलेल्या अटींच्या आधी न लिहिलेल्या अटी असतात : जात, घरातील पैसा, मुलगी असणे, गावापासून शाळेचे अंतर. मुलींसाठी विद्यापीठाचे दार १८८० च्या दशकात उघडले आणि कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. गावोगावच्या मुलींपर्यंत ते दार पोहोचायला आणखी कित्येक दशके लागली.

२१.
४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव स्वीकारला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. चवदार तळ्याशी जोडलेला ठराव म्हणून आपण तो लक्षात ठेवतो. त्यात शाळाही होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक होते रामचंद्र मोरे. वर्गात वेगळे बसवलेला तोच मुलगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्याकडे चालत गेले, तेव्हा मागणी पाण्यापुरती नव्हती. सार्वजनिक म्हणून जे जे आहे, त्यावरील समान हक्काची ती मागणी होती.

२२.
बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९६१ मध्ये, याच संस्थेने महाडला कॉलेज काढले. त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. ज्या गावात एका शिष्यवृत्तीधारक मुलाला शाळेत प्रवेश मिळत नव्हता, तेथे सुमारे अर्ध्या शतकात पदवीचे शिक्षण उभे राहिले. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरकपारीतील मुलांसाठी मुंबईचे अंतर प्रथमच अपरिहार्य राहिले नाही.

२३.
दरम्यान परीक्षेचे स्वरूपही पालटले. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली. त्यासाठीचा कायदा १९४८ चा. शाळांचे माध्यम मराठी होत गेले. कोठारी आयोगानंतर, १९७० च्या दशकात, महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. पूर्वी कॉलेजच्या पहिल्या वर्षांत शिकवले जाणारे गणित अकरावी-बारावीत आले. म्हणजे विद्यापीठाचा उंबरठा कनिष्ठ महाविद्यालयात सरकला. पूर्वतयारीचा मजकूर मात्र कायम राहिला : अंकगणिती सराईतपणा, बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती.

२४.
भाषेची उडीही कायम राहिली, फक्त तिची जागा बदलली. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत बहुपदी, वर्गसमीकरण, निर्देशक भूमिती, श्रेढी असे शब्द शिकतो. अकरावी विज्ञानात त्यांचे पॉलिनॉमिअल, क्वाड्रॅटिक इक्वेशन, कोऑर्डिनेट जॉमेट्री आणि प्रोग्रेशन होते. गणित तेच असते; पण पहिले काही आठवडे विद्यार्थ्याला ते नवीन वाटते. सेमी-इंग्रजी वर्गांनी ही अडचण काही ठिकाणी कमी केली. जर्व्हिसच्या काळी इंग्रजी गणितासाठी मराठी शब्द शोधावे लागत होते. आज हाती असलेल्या मराठी शब्दासाठी इंग्रजी शब्द शोधावा लागतो.

२५.
आजच्या अपेक्षा आकड्यांत सांगायच्या तर : अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या राज्य सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भारांश असतो. हे वाचून पुष्कळजण अकरावी सोडून देतात. हा हिशेब फसवा आहे. बारावीच्या विकलन-संकलनातील प्रत्येक उदाहरणात अकरावीची त्रिकोणमिती आणि फलन दडलेले असते. वीस टक्के प्रश्न अकरावीचे असले, तरी उरलेल्या प्रश्नांची भाषा अकरावीची असते.

२६.
अट काढून टाकली तर? २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही अभियांत्रिकी शाखांसाठी बारावीचे गणित सक्तीचे न ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा देशभर वाद झाला. ज्यांना गणित मिळाले नव्हते त्यांना पूरक वर्गांतून ते शिकवावे, अशी त्यामागची भूमिका होती. इतिहासाच्या आधाराने या वादाकडे पाहिले, तर दोन्ही पक्षांना एक प्रश्न विचारता येतो. अट ठेवणाऱ्यांना : ती पूर्ण करण्याची साधने प्रत्येक गावात आहेत का? अट काढणाऱ्यांना : २क्षह ही जमीन हरवणारा विद्यार्थी पुढच्या वर्गात कोणाच्या भरवशावर उभा राहील?

२७.
बिरवाडीशेजारच्या कारखान्यांत हा प्रश्न अमूर्त राहत नाही. सांडपाण्याची आम्लता मोजण्याचे पीएच हे माप लॉगॅरिथमवर आधारलेले आहे. सातवरून सहावर आलेला पीएच एकाने उतरलेला दिसतो; प्रत्यक्षात आम्लता दहापट वाढलेली असते. पाचवर आला तर शंभरपट. हे ज्याला कळते, तो काळ नदीविषयीचा कागद वाचू शकतो आणि त्यावर प्रश्न विचारू शकतो. ज्याला कळत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते. लॉगॅरिथमचे फलन अकरावीच्या त्याच पुस्तकात आहे.

२८.
तर या धाग्याचे सार असे. कलनापूर्वी काय यावे, याचे उत्तर भास्कराचार्यांपासून अकरावीच्या पुस्तकापर्यंत जवळजवळ एकच आहे, कारण ते विषयाच्या रचनेतूनच येते. ही अट कोणा परीक्षकाची लहर नाही, आणि ती शिथिल केल्याने विषय सोपा होत नाही. पण अट पूर्ण करण्याची साधने, म्हणजे पुस्तक, भाषा, शाळा, बसायची जागा, ही समाजाने दिलेली किंवा नाकारलेली असतात. तेथे निसर्गनियम नाही. तेथे इतिहास आहे, आणि इतिहास बदलता येतो. महाडने ते करून दाखवले आहे.

२९.
अकरावीत जाणाऱ्या वाचकांसाठी, या इतिहासातूनच निघणारी शिदोरी : अपूर्णांकांवर पंतोजींच्या मुलांइतका हात बसवा. विस्तारसूत्रे आणि अवयव पाडणे न अडखळता करा. वर्गसमीकरण तिन्ही रीतींनी सोडवा. त्रिकोणमितीची नित्यसमानता पाठ करण्याआधी काटकोन त्रिकोण काढून सिद्ध करा. आलेख हाताने काढा. प्रत्येक संज्ञेचे मराठी आणि इंग्रजी नाव वहीच्या मागे शेजारी शेजारी लिहा. एवढे झाले की सीमा आणि विकलन ही प्रकरणे तुमच्यासाठी उघडी आहेत.

३०.
शेवटी एक विनंती. आपल्या घरात किंवा वाडीत जुन्या मॅट्रिकला, अकरावी एसएससीला किंवा इंटरला बसलेले कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारा : गणिताच्या पेपराला कोठे जावे लागले, प्रवास कसा केला, पुस्तक कोणाचे वापरले, कोणती औटकी अजून पाठ आहे? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. गणिताच्या दारापर्यंत आपला भाग कसा चालत गेला, याचा पुष्कळसा इतिहास अजून माणसांच्या स्मरणातच आहे, आणि तो उतरवून घेण्यासाठी आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत.